सतरावी मूठ

‘कोंडखोल किनाऱ्यावरील रापण-समूहात सहकार्याचे प्रमाण शेकडा चौऱ्याण्णव झाले असून प्रणालीने आजवर एकाही कुटुंबाला वगळलेले नाही.’

सामुदायिक सहकार्य अभियानाच्या २०४३ सालच्या अहवालात हे वाक्य नवव्या पानावर, निळ्या चौकटीत, ठळक अक्षरांत छापलेले आहे. त्यात एकही आकडा खोटा नाही. खोटे बोलायचे तर आकडे बदलावे लागतात, ही समजूत अडाण्यांची. शिकलेली माणसे छेद बदलतात. अभियानाने मोजल्या त्या घराघरांमधल्या जोडण्या. अहवालाच्या दिवशी अशा एकशे बारा जोडण्या होत्या आणि त्यांपैकी एकशे पाच जोडण्यांवर दोन्ही घरे एकमेकांच्या उपयोगी पडत होती. भागाकार करून पाहावा, उत्तर बरोबर येते. मात्र ज्या घराची एकही जोडणी उरलेली नाही, ते घर अंशात नाही आणि छेदातही नाही. कोंडखोलात रापणीची घरे एकेचाळीस. त्यांपैकी अशी अकरा. ती सहकार्य करणाऱ्यांत मोजली गेली नाहीत, न करणाऱ्यांतही नाहीत. घरे जसजशी गळत गेली तसतसा आकडा वर चढत गेला. अखेरीस दोनच घरे उरून एकमेकांना चिमूटभर मीठ देत बसली असती, तर कोंडखोलाचे सहकार्य शेकडा शंभर भरले असते आणि मंत्रिमहोदयांनी नारळ फोडला असता.

वाक्याचा उत्तरार्ध तर अधिकच खरा आहे. प्रणाली कुणालाच वगळत नसे. तिचे नाव ‘सांधणी’. पंधरा दिवसांतून एकदा ती प्रत्येक घराला नम्रपणे विचारी: अमुक घराशी असलेली तुमची जोडणी ठेवायची की सोडायची? उत्तर माणसे देत. कुणी कुणाला सोडले हे गुप्त राही, आणि सोडलेल्या घराला एवढाच निरोप जाई की ‘आपली सांधणी बदलली आहे’. ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता त्यांना तो निरोप वाचून दाखवण्यासाठी आणि त्यांची उत्तरे नोंदवण्यासाठी अभियानाने गावातलीच एक बाई नेमली होती. पदाचे नाव सांधणी-सेविका. बाईचे नाव मंगल मेतर, वय सत्तेचाळीस.

तीन वर्षांपूर्वी डॉ. निरंजन देवस्थळी कोंडखोलात आले ते एक दोर घेऊन. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे. होडी ते अर्धवर्तुळात पाण्यात सोडून येते. त्याच्या दोन टोकांचे दोन दोर वाळूत दोन रांगा धरतात, आणि ओढत ओढत त्या रांगा एकमेकींकडे सरकत येतात. प्रत्येक दोरावर चोवीस माणसे. त्यांतले कोण जीव तोडून ओढतो आणि कोण नुसता दोराला लोंबकळतो, हे दोराला आजवर ठाऊक नव्हते. देवस्थळींच्या दोराला ते कळे. त्याच्या पोटात केसाएवढा काचतंतू होता आणि हातहात अंतरावर रबरी मुठी होत्या, प्रत्येक मुठीवर क्रमांक. कोणत्या मुठीवर किती ताण पडला, त्याची नोंद दर सेकंदाला होई.

शाळेच्या ओसरीत त्यांनी जे सांगितले ते शास्त्र म्हणून निर्दोष होते. दहा माणसे एका कामाला हात लावतात आणि फळ सारखे वाटून घेतात, तेव्हा अंग चोरणाऱ्याचा फायदा होतो. शेजारी अंग चोरतो हे पाहून दुसरा चोरू लागतो, मग तिसरा. शेजार पक्का असेल तर ही कीड थांबत नाही, कारण कुणाला कुठे जाताच येत नाही. प्रयोगशाळांत मात्र असे दिसले होते, की माणसांना आपले शेजारी बदलण्याची मुभा दिली की चित्र पालटते. कामाची माणसे कामाच्या माणसांना धरतात, चुकार एकटा पडतो, आणि एकटे पडण्याच्या धाकाने सुधारतो. मुभा किती वेळा द्यावी, ही यातली खरी मेख. वर्षातून एकदा दिली तर धाक उरत नाही. रोज दिली तर एका वाईट दिवसाला माणसाचा स्वभाव समजून लोक त्याला तोडून मोकळे होतात, कारण क्षमा करायला वेळ लागतो. देवस्थळींनी पंधरवडा ठरवला होता.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या नाहीत. प्रयोगशाळेत सहकार्य म्हणजे काय, हे प्रयोग करणाराच ठरवतो. एक कळ सहकार्याची, एक असहकार्याची. आणि तिथे एकटा पडलेला माणूस तासाभराने चहा-बिस्किटे खाऊन घरी जातो. कोंडखोलातला माणूस एकटा पडे तेव्हा तो घरीच असे.

“ओढलेला कळता ता बरा झाला, साहेबानू,” मंगलचा थोरला भाऊ हरी खवणेकर ओसरीच्या कडेवरून म्हणाला. “पण ढील दिलेली कळता काय?”

“ढील म्हणजे? दोर सोडून देणं?”

“सोडूचो नाय. हातात धरून मोकळो ठेवूचो.”

हरी पंचावन्नचा. दक्षिणेच्या दोरावर तो मागून तिसरा उभा राही, टाचा वाळूत रोवून. पाण्याखालची ओढ कधी एका बाजूच्या दोराला अडवते. मग एक दोर मागे पडतो, दुसरा पुढे धावतो, जाळे पिळवटते आणि मासळी खालून निघून जाते. अशा वेळी पुढच्या बाजूने थांबायचे असते. ते वेळेवर कळावे लागते, आणि हरीला ते पायांच्या पोटऱ्यांतून कळे. तो “ढील!” म्हणून ओरडे आणि चोवीस जोड्या हात एकदम सैल पडत. कोंडखोलातले सगळ्यांत मोठे सहकार्य म्हणजे त्या चार-पाच सेकंदांत कुणीही न ओढणे.

“त्याचा विचार आपण पुढच्या आवृत्तीत करू,” देवस्थळी हसून म्हणाले.

“पुढची आवृत्ती येयसर मासे थांबतले काय?”

ओसरी हसली. देवस्थळीही हसले, आणि पुढच्या तक्त्याकडे वळले.

पहिले वर्ष बरे गेले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मंगलच्या नवऱ्याची, सदाची, दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. दर सोमवारी आणि गुरुवारी त्याला सव्वीस किलोमीटरवर तालुक्याच्या गावी नेऊन रक्त शुद्ध करून आणावे लागे. पूर्वी त्यासाठी मंगल दारोदार फिरे: आज कोण येतो, कोणाची गाडी मोकळी आहे. सांधणीने ते फिरणे बंद केले. ज्या घरांशी जोडणी, त्यांच्यात आपोआप पाळ्या लागत. सोमवारी सकाळी सातला गजा लोणेची जीप दारात हॉर्न वाजवी. बर्फाच्या शेडीतली जागा, होडीची फेरी, आजाऱ्याची सोबत, सगळे जोडण्यांवर चाले. मंगलच्या अकरा जोडण्या होत्या. तिला कुणापुढे तोंड वेंगाडावे लागत नव्हते, आणि याबद्दल ती देवस्थळींना मनापासून दुवा देई.

मग हरीचा गुणांक, म्हणजे मुठीवरच्या ताणावरून प्रणाली देई ते गुण, उतरू लागला. ढील देणारी मूठ काचतंतूला रिकामी दिसे. आणि ढील सर्वांत आधी हरी देई, सर्वांत शेवटी घट्ट धरी. बाकीच्यांनी हे लवकर हेरले. हरी ओरडला की ते हात सैल करत, पण जरा उशिराने, जरा कमी. पुढे पुढे तो एकटाच सैल पडू लागला. जाळी पिळवटून येऊ लागली, मासळी कमी झाली, आणि ताणाचे आकडे मात्र विक्रमी. अहवालात ताण मोजला होता. मासळी मोजण्याची तरतूद नव्हती.

प्रणालीत आणखी एक चतुराई होती. ज्या घराशी तुमची जोडणी, त्याच्या गुणांकाचा काही अंश तुमच्या गुणांकात मिसळे. तेव्हा हरीला धरून ठेवणे म्हणजे स्वतः थोडे थोडे हरी होणे. गावाने त्याला एकेक करून सोडले. मंगलने सोडले नाही, म्हणून गाव मंगललाही सोडू लागले. अकराच्या सात झाल्या, सातांच्या चार.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी सकाळी पडद्यावर आले: ‘सोबत उपलब्ध नाही.’ मंगलने सदाला एसटीने नेले. परतताना तो तिच्या खांद्यावर मान टाकून दोनदा ओकला, आणि समोरच्या बाकावरच्या बाईने पाय वर घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बर्फाच्या शेडीत प्लॅस्टिकच्या क्रेटवर बसली होती. मोबाईलवर पंधरवड्याचा प्रश्न आला. त्याखाली, प्रणालीच्या सौजन्याने, एक सूचना: ‘हरी खवणेकर यांच्याशी असलेली जोडणी सोडल्यास सात नवीन जोडण्या संभवतात.’ हरीकडे आता ही एकच जोडणी होती. ती गेली की दोरावर त्याचे नाव उरणार नव्हते, आणि दोराखेरीज त्याने आयुष्यात दुसरे काही धरले नव्हते. मंगलने अंगठा ठेवला. प्रणालीने विचारले, ‘नक्की?’ तिने पुन्हा ठेवला.

संध्याकाळपर्यंत पाच घरे जोडली गेली.

सोमवारी सातच्या ठोक्याला जीप आली. सदा मागे आडवा झाल्यावर गजा लोणे आरशातून म्हणाला, “शेवटी केलंस तर! तुझो गुणांक चढलेलो बघलंय. इतके दिवस कित्या ठेवलेलंस तेका? भाव म्हणान?”

“तू कधी सोडलंस?”

“मी खय सोडलंय गो! मशिनीन काढल्यान.”

कोंडखोलात ज्याला विचारावे तो हेच सांगे. चाळीस घरांपैकी कुणीही हरीला सोडले नव्हते. मंगलने ते ऐकून घेतले आणि खिडकीबाहेर पाहिले. उत्तर किती सोपे आहे, हे तिला त्याच क्षणी कळले.

हरीकडे मोबाईल नव्हता. त्याचा निरोप मंगलनेच वाचून दाखवायचा होता. बुधवारी तो किनाऱ्यावर भेटला, लुंगी वर खोचलेली, हातात तारल्यांची पिशवी.

“मंगल, ह्या घे, सदाक चालत नाय तर तू खा. नाव आसा मा गो माझा?”

‘मशिनीन काढल्यान’ हे तोंडाशी आले होते. “आसा,” मंगल म्हणाली.

“कोणाच्या वांगडा?”

“माझ्या.”

“मगे बरा,” हरी म्हणाला. “बाकीच्यांच्या तोंडार शिरा पडो. तू आसस तवसर माका काय?”

पांडू आडकर मोतीबिंदू काढायला मुलीकडे पणजीला गेला होता आणि तिकडेच रमला होता. नाव मात्र दोरावरून कमी झाले नव्हते. त्याची मूठ दक्षिणेच्या दोरावरची, सतरावी. मुठी वाटून देणे सेविकेचे काम. तिने हरीला ती दिली.

“ही पांडूची न्हय रे?” शेजारचा कुणी कुरकुरला.

“जागा बदलली,” मंगल म्हणाली, आणि हरीला बाजूला घेऊन, “दादा, एक ऐक. ढील देव नको. नुसतो ओढ.”

“कित्या?”

“माझ्यासाठी.”

हरीने तिच्याकडे पाहिले. लहानपणी ती काही मोडून आली की तो असाच पाहत असे, आणि काय मोडले ते विचारत नसे. “बरा,” तो म्हणाला.

पुढचे तीन महिने हरी नुसता ओढत राहिला. पोटऱ्यांना कळे ते हातांपर्यंत येऊ न देणे त्याला जड जाई. ओढून झाल्यावर तो वाळूत बसे आणि जाळ्याच्या पिळाकडे बघत राही.

जानेवारीच्या बारा तारखेला सकाळी तारल्यांचा मोठा थवा लागला. पाणी जाळ्यात खदखदत होते. उत्तरेचा दोर पाण्याखालच्या ओढीत अडकून जागचा हलेना. दक्षिणेच्या दोरावर सगळे हात इरेला पेटले. मंगल क्रमांकांची पाटी घेऊन कडेला उभी होती. तिने हरीची मान ताठ झालेली पाहिली आणि काय होणार ते तिला कळले.

“ढील!” हरी ओरडला. “अरे ढील देवा! फाटात!”

त्याने हात सैल सोडले. पूर्वी या एका शब्दावर सगळी रांग मोकळी पडत असे. आता उरलेल्या तेवीस मुठी आणखी आवळल्या. शेजारची मूठ सैल पडली की आपला आकडा चढतो, हे त्या हातांना तीन वर्षांत पाठ झाले होते. दोर पुढच्या बाजूला तुटला. त्याचे टोक चाबकासारखे मागे आले आणि गजा लोणेच्या कोपराखाली बसले. थवा निघून गेला, जाळे गेले. गजाचा हात तालुक्याच्या रुग्णालयात कापावा लागला.

नोंद स्वच्छ होती. दोर तुटण्याआधी एक सेकंद आणि चार दशांश, सतरावी मूठ: ताण शून्य. इतर तेवीस मुठी: कमाल. यंत्राला जे दिसते ते पाहता दोष कुणाचा, याबद्दल शंकेला जागा नव्हती. आणि सतराव्या मुठीचा धनी त्या दिवशी पणजीत नातीबरोबर कॅरम खेळत होता.

चौकशी मार्चमध्ये, मत्स्यप्रशिक्षण केंद्राच्या सभागृहात झाली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश श्रीमती कारखानीस. हरीवर दोन आरोप: दुसऱ्याच्या नावाने दोराला हात लावणे, आणि हेतुपुरस्सर ताण सोडून अपघात घडवणे. पहिला सिद्ध झाला की दुसरा आपोआप बळकट होणार होता, कारण तोतयाचा हेतू कुणी चांगला मानत नाही. पुढे फौजदारी खटला आणि तुरुंग. हे सगळे नोटिशीत लिहिलेले होते, आणि ती नोटीस हरीला मंगलनेच वाचून दाखवली होती.

सकाळी निघताना सदा अंथरुणातून म्हणाला, “काय सांगतलंस थय?”

“ठाऊक नाय.”

“माझा नाव मधी हाडू नको.” थोड्या वेळाने तो म्हणाला, “सांगलंस तर जीप येवची नाय.”

“गजाक हातच नाय, जीप खयसून येतली?” मंगल म्हणाली, आणि मग तिला लाज वाटली.

सभागृहात गजा पहिल्या रांगेत बसला होता, रिकामी बाही सेफ्टी पिनेने वर टोचलेली. देवस्थळींनी आलेख दाखवले. ते हळू, समजुतीच्या आवाजात बोलत. “दोष यंत्रणेचा नाही. यंत्रणेबाहेरचा एक हात आत शिरला, एवढंच आहे.”

“तुम्ही यंत्रणेबाहेरचे होता, हे तुम्हाला माहीत होतं?” अध्यक्षांनी हरीला विचारले.

“भायरचो?” हरी हसला. “बाईनू, माझी भयणच सेविका. तिच्या घराची नि माझी जोडणी आसा. तिनाच माका मूठ दिल्यान.”

देवस्थळींनी पडदा बदलला. “सतरा ऑक्टोबरपासून श्री. खवणेकर यांची एकही जोडणी नाही.”

“शेवटची जोडणी कोणी सोडली?”

“ते सांगता येणार नाही. निर्णय गोपनीय असतात. पूर्ण यंत्रणा त्या विश्वासावर उभी आहे.”

विश्वास हा शब्द त्यांनी निःसंकोचपणे वापरला, याची नोंद घ्यायला हवी.

हरी पडद्याकडे पाहत होता. तिथे त्याच्या नावाचा ठिपका होता, आणि त्याच्या भोवती काहीच नव्हते. “मशीन चुकली आसतली,” तो म्हणाला, आणि मागे वळला. “मंगल, सांग गो तेंका.”

मंगल तिसऱ्या रांगेत होती. गप्प बसायला तिला काहीही करावे लागणार नव्हते. कायदा, करार आणि डॉक्टरसाहेब तिघेही तिच्या बाजूने गप्प होते. पाच नव्या घरांची माणसे तिच्या आजूबाजूलाच बसली होती. ती उठली.

“माका बोलूचा आसा.”

“मॅडम, एक हरकत,” देवस्थळी म्हणाले. “या सेविका आहेत. जोडणीविषयी त्या काही उघड करू पाहत असतील तर त्यांना तो अधिकार नाही. ती माहिती गोपनीय आहे.”

“त्यांनी स्वतः काय केलं, तेही?”

“तेही.”

श्रीमती कारखानीसांनी चष्मा काढून देवस्थळींकडे क्षणभर पाहिले. मग त्या मंगलला म्हणाल्या, “बोला. सावकाश बोला.” लिपिकाने हे प्रमाण भाषेत करून घेऊ का, असे विचारले. कबुलीजबाब शब्दशः नोंदवावा असा नियम असल्याचे अध्यक्षांनी सांगितले, आणि तो तसाच नोंदवला गेला. इतिवृत्ताच्या एकतिसाव्या पानावर तो आहे:

“जोडणी मी सोडलंय. मशिनीन नाय. बर्फाच्या शेडीत बसान, ह्याच अंगठ्यान, दोनदा दाबून. दादाक मी सांगलंय, तुझा नाव आसा. तो कोणाच्या नावार ओढता ता तेका ठाऊक नव्हता. मूठ मीच तेच्या हातात दिलंय. ढील देव नको असां पण मीच सांगलेलंय. त्या दिवशी तेना माझा ऐकूक नाय, इतकोच तेचो गुन्हो. आता घोवाच्या आजारासाठी केल्यान असां तुम्ही लिवशात. तसा लिवू नकात. आजारासाठी केलंय ता खरा, पण सोमवारी जीप दारात इली, तेवा माका बरा वाटला, आणि दादाची आठवण पण येवक नाय. ता लिवा.”